एकच इंजिन, दोन न्याय : फोक्सवॅगनच्या डिझेल गाडीमालकांना काय मिळाले?

आपल्याकडे सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात आजही डिझेलची पोलो, व्हेंटो, जेट्टा, स्कोडाची लॉरा किंवा रॅपिड पाहायला मिळते. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, अॅव्हरेज विचारतो आणि सौदा करतो. गाडीच्या धुराबद्दल कुणी विचारत नाही. पीयूसी आहे ना, मग झाले.

पण यातल्या २००८ ते २०१५ या काळात बनलेल्या बऱ्याच गाड्यांत ईए १८९ नावाच्या मालिकेतले डिझेल इंजिन आहे. याच मालिकेतल्या इंजिनामुळे अमेरिकेत फोक्सवॅगन कंपनी अडकली आणि २०१६ मध्ये तिला १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करावी लागली. तिथल्या गाडीमालकाला गाडीची किंमत परत मिळाली, वर हजारो डॉलर रोख मिळाले. आपल्या पुण्यातल्या किंवा संभाजीनगरातल्या मालकाला मात्र सर्व्हिस सेंटरमध्ये येऊन सॉफ्टवेअर बदलून घ्या, एवढाच निरोप आला.

कंपनी तीच, इंजिनाचे घराणे तेच, मग एवढा फरक का पडला? हे समजून घेतले तर उद्या आपल्या गाडीबाबत, फ्रिजबाबत, मोबाइलबाबत काही झाले तर आपण कुठे उभे आहोत हे कळते. म्हणून आम्ही हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

फसवणूक नेमकी काय होती?

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शाळेचेच उदाहरण देतो. तपासणीला साहेब येणार असले की काही वर्ग एकदम शिस्तीत बसतात. फळा पुसलेला, वह्या पूर्ण, आवाज बंद. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की पुन्हा गोंधळ सुरू. फोक्सवॅगनच्या गाडीत हेच काम एक सॉफ्टवेअर करत होते.

गाडीचा धूर प्रयोगशाळेत तपासतात तेव्हा तिची चाके रोलरवर फिरवतात. गाडी जागच्या जागी असते, स्टिअरिंग वळत नाही, वेग कधी आणि किती वाढवायचा हे आधीच ठरलेले असते. गाडीच्या कॉम्प्युटरला या खुणांवरून कळायचे की आपली परीक्षा चालू आहे. मग तो धूर स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा पुरती चालू करायचा. गाडी रस्त्यावर आली, स्टिअरिंग फिरू लागले की तीच यंत्रणा मंद करून टाकायचा.

असे कशासाठी करायचे? डिझेल इंजिनात उष्णता आणि हवा दोन्ही जास्त असतात, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड नावाचे वायू जास्त तयार होतात. ते रोखायचे तर काहीतरी सोडावे लागते. डिझेल थोडे जास्त जळते, फिल्टर लवकर झिजतो, काही गाड्यांत युरियाचे द्रावण वरचेवर भरावे लागते. ग्राहकाला ताकद हवी, अॅव्हरेज हवे, देखभाल कमी हवी. कंपनीला हे सगळे स्वस्तात द्यायचे होते आणि अमेरिकेचा कडक नियमही पाळल्याचे दाखवायचे होते. दोन्ही एकत्र जमेना, तेव्हा नियमाच्या बाजूने डाव खेळला गेला.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १८ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीला नोटीस दिली. दोन लिटर इंजिनाच्या या गाड्या रस्त्यावर ठरलेल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. जगभरात असे सॉफ्टवेअर असलेल्या गाड्यांची संख्या सुमारे १ कोटी १० लाख असल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. पाचच दिवसांत तिचे मुख्य अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला.

हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत. पण दम्याच्या रुग्णाला, लहान मुलाला, वयस्कर माणसाला ते जाणवतात. हवेत ओझोन आणि अतिसूक्ष्म कण तयार होण्यातही त्यांचा वाटा असतो. अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा २००८ ते २०१५ या काळातल्या या जादा धुरामुळे एकट्या अमेरिकेत सुमारे ५९ माणसे वेळेआधी मरण पावली असावीत, असे उत्तर आले. म्हणजे ही फक्त गिऱ्हाइकाची फसवणूक नव्हती. ज्याने ती गाडी कधी पाहिलीही नाही, अशा शेजाऱ्याच्याही छातीत तो धूर गेला.

चोरी पकडली कुणी?

ही चोरी कुठल्या मोठ्या पोलीस खात्याने पकडली नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा गटाने ती पकडली. डॅन कार्डर हे त्या केंद्राचे प्रमुख. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांमध्ये मार्क बेश, अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा होते. यातले दोघे भारतातून शिकायला गेलेले.

२०१३ मध्ये त्यांनी तीन डिझेल गाड्या घेतल्या. धूर मोजण्याचे यंत्र गाडीतच बसवले आणि कॅलिफोर्नियाच्या खऱ्या रस्त्यांवर त्या चालवल्या. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिअॅटलपर्यंत नेऊन परत आणली. बीएमडब्ल्यूची गाडी बऱ्याच अंशी नियमात बसली. जेट्टा मात्र मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पॅसाट ५ ते २० पट धूर सोडताना दिसली. गंमत म्हणजे ज्या संस्थेने हे काम त्यांना दिले होते तिला अमेरिकेतले डिझेल किती स्वच्छ आहे हे युरोपला दाखवायचे होते. निघाले भलतेच.

२०१४ मध्ये हा अहवाल बाहेर आला. मग कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने कंपनीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कंपनीने वर्षभर टोलवाटोलवी केली. डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे पाच लाख गाड्या बोलावून 'दुरुस्त' केल्याचेही सांगितले. मंडळाने पुन्हा तपासले तर फारसा फरक नव्हता. शेवटी नव्या वर्षाच्या गाड्यांना परवानगीच मिळणार नाही अशी वेळ आली, तेव्हा सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने खरे सांगितले.

ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंपनी स्वतःहून बोलली नाही. परवानगी अडवण्याची ताकद असलेले सरकारी कार्यालय समोर ठाम उभे राहिले म्हणून ती बोलली.

मालकाच्या घरात काय झाले?

अमेरिकेत ज्यांनी ही गाडी घेतली त्यांच्यातले बरेच जण पर्यावरणाची काळजी असलेले लोक होते. कंपनीने 'क्लीन डिझेल' म्हणून जोरदार जाहिराती केल्या होत्या. जेट्टा टीडीआयला २००९ चा आणि ऑडी ए३ टीडीआयला २०१० चा 'ग्रीन कार' पुरस्कार मिळाला होता, जो घोटाळा उघडल्यावर परत घेतला गेला. २००९ च्या जेट्टावर तर सरकारने १,३०० डॉलरची करसवलतही दिली होती. साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजून लोकांनी ही गाडी घेतली, आणि एका सकाळी बातम्यांत कळले की आपल्या अंगणातली गाडी शहरातल्या घाणेरड्या गाड्यांपैकी एक आहे.

आता ती विकायची कुणाला? किंमत धाडकन पडलेली. कर्जाचे हप्ते चालूच. चालवावी तर मन खाते. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने ५०० डॉलरचे एक कार्ड, शोरूममध्ये खर्च करण्यासाठी ५०० डॉलरचे दुसरे कार्ड आणि तीन वर्षे रस्त्यावरची मदत मोफत, असे देऊ केले. म्हणजे कोर्टाबाहेर, कंपनीच्या मनाने जे मिळाले ते साधारण हजार डॉलर. हा आकडा पुढच्या आकड्यांशी ताडून बघा.

कोर्टातली तडजोड

शेकडो दावे एकत्र करून सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्रीय न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स ब्रेयर यांच्यापुढे आणले गेले. २८ जून २०१६ रोजी तडजोड जाहीर झाली आणि २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिला अंतिम मंजुरी मिळाली. दोन लिटर इंजिनाच्या सुमारे ४,७५,००० गाड्या तिच्यात होत्या. १०.०३ अब्ज डॉलरपर्यंतची रक्कम मालकांसाठी, २.७ अब्ज हवेचे नुकसान भरून काढण्याच्या कामांसाठी आणि २ अब्ज विजेच्या गाड्यांच्या सोयी उभ्या करण्यासाठी. तीन लिटर इंजिनाच्या सुमारे ८०,००० गाड्यांची तडजोड नंतर २०१७ मध्ये वेगळी झाली.

मालकापुढे मुख्य वाटा अशा होत्या :

पहिली वाट, गाडी कंपनीला परत विकायची. किंमत कोणती धरायची? घोटाळा उघडण्याआधीची, म्हणजे सप्टेंबर २०१५ मधली. बदनामीमुळे पडलेला भाव मालकाच्या माथी मारला नाही.

दुसरी वाट, सरकारने मंजूर केलेली दुरुस्ती मोफत करून घ्यायची आणि गाडी ठेवायची. यातही रोख भरपाई मिळणार होतीच.

गाडी लीजवर असेल तर दंड न भरता लीज मोडता येत होती, आणि थोडी कमी भरपाई मिळत होती. ज्याला हे काहीच मान्य नाही त्याने मुदतीत तसे लेखी कळवून बाहेर पडायचे आणि स्वतःचा दावा स्वतः लढायचा.

हिशेब कसा होता?

भरपाईचे सूत्र असे होते : गाडीच्या किमतीचे २० टक्के, अधिक २,९८६.७३ डॉलर. हे सगळे मिळून ५,१०० डॉलरपेक्षा कमी होत असेल तर ५,१०० धरायचे.

उदाहरण घेऊ. समजा सप्टेंबर २०१५ मध्ये गाडीची किंमत १५,००० डॉलर होती. २० टक्के म्हणजे ३,०००. त्यात २,९८६.७३ मिळवा. भरपाई झाली ५,९८६.७३ डॉलर. मालकाने गाडी परत विकली तर १५,००० अधिक ५,९८६.७३, म्हणजे एकूण २०,९८६.७३ डॉलर. गाडी ठेवून दुरुस्ती केली तर गाडी आपली आणि ५,९८६.७३ डॉलर हातात.

आता जुनी गाडी, किंमत १०,००० डॉलर. सूत्राने ४,९८६.७३ येतात. म्हणून किमान रक्कम ५,१०० लागू. परत विकली तर १५,१०० डॉलर. गाडी किती किलोमीटर पळाली यावरून परतीच्या किमतीत थोडे कमीजास्त व्हायचे, पण मूळ हिशेब हा असा.

कर्जाचाही विचार केलेला होता. गाडीच्या पैशांपेक्षा बँकेचे देणे जास्त असेल तर ठरावीक मर्यादेपर्यंत तो फरकही कंपनीने भरायचा होता. वकिलांचे १७.५ कोटी डॉलर शुल्क कंपनीनेच वेगळे दिले. मालकाच्या हातातल्या रकमेला त्यासाठी कात्री लागली नाही. आपल्याकडे 'कोर्टात जिंकलो पण वकिलात गेले' असे म्हणतात, तसे इथे झाले नाही.

सेकंडहँड घेणाऱ्याचे काय?

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा, कारण आपल्यापैकी बहुतेक जण जुनी गाडीच घेतात.

१८ सप्टेंबर २०१५ हा दिवस रेघ मानला गेला. त्या दिवशी गाडी ज्याच्या मालकीची होती आणि पुढेही राहिली त्याला पूर्ण भरपाई. त्या दिवशी मालक होता, पण तडजोड जाहीर व्हायच्या आत ज्याने गाडी विकून टाकली, त्याला भरपाईची अर्धी रक्कम. आणि बातमी फुटल्यानंतर ज्याने ती गाडी विकत घेतली, त्याला परत विकण्याचा हक पूर्ण, पण रोख भरपाई अर्धी. १८ सप्टेंबरच्या आधीच विकून मोकळा झालेल्याला काही नाही.

हे सगळे कशावरून ठरले? गाडी कागदावर कुणाच्या नावावर होती, त्यावरून. मालकाला वेबसाइटवर गाडीचा नंबर, नोंदणीचे कागद, लायसन्स, कर्जाचे विवरण, मीटरचे वाचन द्यावे लागले. कंपनीकडून देऊ केलेल्या रकमेचे पत्र आले, त्यावर सही, मग शोरूमची तारीख, चाव्या दिल्या की बँकेत पैसे. कागद पुरे असलेल्याचे काम सरळ झाले, ज्याचे अर्धवट होते त्याला चकरा. अर्जाची शेवटची तारीख १ सप्टेंबर २०१८ होती.

गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत यायला हवी, एवढी अट होती. तेव्हा काही हुशार लोकांनी दरवाजे, सीट, बंपर काढून नुसता सांगाडा आणून दिला! न्यायमूर्तींनी हा प्रकार तडजोडीच्या हेतूत बसत नाही असे स्पष्ट सांगितले. फसवलेला माणूसही संधी मिळताच दुसऱ्याला फसवायला बघतो, हे आपल्या मुलांशी बोलण्यासारखे आहे.

शेवटी काय झाले?

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२० मध्ये अंतिम अहवाल दिला. ग्राहकांना एकूण ९.५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम परत गेली. ज्यांनी प्रक्रिया पूर्ण केली त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांहून जास्त लोकांनी दुरुस्ती नाकारून गाडी परत देणे किंवा लीज मोडणे पसंत केले.

परत आलेल्या गाड्या ठेवायला जागा पुरेना. २०१८ च्या सुरुवातीला सुमारे तीन लाख गाड्या देशभरातल्या ३७ ठिकाणी उभ्या होत्या. डेट्रॉइटजवळचे एक बंद पडलेले स्टेडियम, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला एक विमानतळ, असल्या जागा भाड्याने घेतल्या गेल्या. यातल्या ज्या दुरुस्त होऊ शकल्या त्या दुरुस्त करून पुन्हा विकल्या, बाकीच्या मोडीत गेल्या.

कंपनीवर आणखी एक बंधन होते. जून २०१९ पर्यंत ८५ टक्के गाड्या परत घेतल्या किंवा दुरुस्त केल्या नाहीत, तर कमी पडणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे कोट्यवधी डॉलरचा दंड. त्यामुळे मालकांना शोधून काढून त्यांच्यापर्यंत पोहोचणे कंपनीच्याच फायद्याचे झाले. शिवाय २०१७ मध्ये कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल केला, २.८ अब्ज डॉलरचा दंड भरला, आणि दोन अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला.

कंपनीच्या स्वतःच्या देशात, जर्मनीत, मालकांना बरीच वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्राहक संघटनेशी तडजोड झाली, तीत माणशी १,३५० ते ६,२५७ युरो मिळणार होते. मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की मालक गाडी परत देऊन पैसे मागू शकतो, पण जेवढी वापरली तेवढी रक्कम वजा होईल. तोवर गाड्या पाच वर्षे आणखी झिजल्या होत्या.

आणि आपल्याकडे?

या कहाणीचा एक पाय महाराष्ट्रात आहे. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला, स्कोडाचा संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, आणि गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात.

बातमी फुटल्यावर केंद्र सरकारने एआरएआयला तपासणी करायला सांगितले. रस्त्यावर चालवून पाहिल्यावर या गाड्यांचा धूर बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. त्यात फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. एआरएआयच्या मंजुरीनंतर टप्प्याटप्प्याने सॉफ्टवेअर बदलून द्यायचे होते. हे बोलावणे कंपनीने 'स्वेच्छेने' केलेले होते. मालकाला रोख भरपाई नाही, गाडी परत देण्याचा पर्याय नाही.

कंपनीचे म्हणणे असे की भारतातला कोणताही नियम आम्ही मोडलेला नाही. बीएस-४ ची परीक्षा प्रयोगशाळेत होते आणि तिथे गाडी पास आहे. रस्त्यावरच्या धुराला त्या काळी आपल्याकडे मर्यादाच ठरलेली नव्हती.

प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. नेणाऱ्यांमध्ये एक शाळेतली शिक्षिका होती, हे आम्हाला अभिमानाने सांगावेसे वाटते. तज्ज्ञ समितीने दिल्लीतल्या आरोग्याच्या नुकसानीचा आकडा १७१.३४ कोटी रुपये काढला. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ती रक्कम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, हवा सुधारण्यासाठी जायची होती. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. दंडाच्या त्या आदेशातही गाडीमालकाच्या खिशात पडणारे काही नव्हते.

फरक कशामुळे पडला?

अमेरिकेत चार गोष्टी जुळून आल्या. एक, कायद्यात अशा सॉफ्टवेअरला स्पष्ट मनाई होती, त्यामुळे 'आम्ही परीक्षेत पास आहोत' हा बचाव चालला नाही. दोन, परवानगी अडवण्याची ताकद असलेले सरकारी खाते मागे हटले नाही. तीन, लाखो मालकांचा दावा एकत्र चालवण्याची सोय होती, प्रत्येकाला वेगळा वकील करावा लागला नाही. चार, खोटी जाहिरात हा स्वतंत्र गुन्हा मानून व्यापार आयोगही दावेदार झाला.

आपल्याकडे २०१५ मध्ये यातले बरेचसे नव्हते. त्यानंतर काही गोष्टी बदलल्या आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. गाडीतल्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर सरकार आता कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. कंपनीने पूर्ण किंमत द्यावी, तशीच किंवा अधिक चांगली गाडी द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी, असे त्यात आहे. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी जुन्या गाड्यांना ते लागू होतात आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर चौकशी होते. म्हणून प्रत्येक तक्रारीला मोल आहे. ती परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते.

बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, १ एप्रिल २०२३ पासून, नव्या गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जातो. म्हणजे साहेब आता फक्त सांगून येत नाहीत, अधूनमधून न सांगताही वर्गात डोकावतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे एकाच प्रकारचे नुकसान झालेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. टॅक्सी किंवा टेम्पो स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणारा माणूसही कायद्याने ग्राहकच आहे. 'धंद्याची गाडी आहे, तुमची तक्रार चालणार नाही' असे कुणी सांगितले तर लगेच माघार घेऊ नका.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, गाडी आपल्या नावावर करा. आपल्या मोहल्ल्यात अशा कितीतरी गाड्या आहेत ज्यांचे आरसी बुक अजून दोन मालक मागे आहे. कंपनीचे पत्र जुन्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते. भरपाईची वेळ आली तर हक त्याचा ठरतो, आपला नाही.

दुसरी, चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, या गाडीवर परत बोलावण्याचे काही काम बाकी आहे का? जुनी डिझेल पोलो किंवा रॅपिड घेत असाल तर सौद्याआधीच विचारा. काम झाले असेल तर त्याची नोंद मागा, आणि नंतर अॅव्हरेज किंवा पिकअपमध्ये फरक वाटला का, हेही जुन्या मालकाला विचारा.

तिसरी, कागद जपून ठेवा. बिल, सर्व्हिस बुक, कर्जाचे कागद, शक्य असेल तर ज्या जाहिरातीवर भुलून गाडी घेतली ती जाहिरातसुद्धा. अमेरिकेत 'क्लीन डिझेल'ची जाहिरातच कंपनीच्या गळ्यात आली.

चौथी, कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी पूर्ण वाचा. 'यापुढे माझी काही तक्रार नाही' असे वाक्य त्यात दडलेले असू शकते. इंग्रजी कळत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाकडून, मोहल्ल्यातल्या वकिलाकडून वाचून घ्या. शंका असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा.

पाचवी, गाडी विकताना ऐब लपवू नका. धूर जास्त आहे, काम बाकी आहे, अपघात झालेला आहे, जे असेल ते सांगून विका. कंपनीने गिऱ्हाइकाशी जे केले तेच आपण पुढच्या गिऱ्हाइकाशी केले तर तिला नावे ठेवण्याचा हक आपल्याला उरत नाही.

आणि गॅरेजवाल्या भावांसाठी एक शब्द. धुराचा फिल्टर काढून टाका, सेन्सर बंद करा, गाडी पळेल, असे सांगणारे मिस्त्री आपल्यात आहेत. पैसे वाचतात, गिऱ्हाईक खूश होते. पण फोक्सवॅगनच्या इंजिनिअरांनी कॉम्प्युटरमध्ये केले तेच हे पाना घेऊन केलेले काम आहे. तो धूर आधी आपल्याच गल्लीत, आपल्याच शाळेच्या फाटकासमोर सुटतो. सुट्टीच्या वेळी आम्ही तिथे उभे असतो. मुले नाकावर ओढणी किंवा रुमाल धरून रस्ता ओलांडतात. तक्रार करायला त्यांच्याकडे ना आरसी बुक असते, ना बिल. त्यांच्या वतीने मोठ्यांनाच बोलावे लागेल.